नसरुद्दीनचाचांची आतली चौकशी

जेद्दाच्या शराफिया भागात नसरुद्दीनचाचांचं खोके बांधायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक वजनकाटा आणि चिकटपट्टीची रिळं. गावी सामान पाठवणारे लोक शुक्रवारी तिथे येतात आणि चाचा त्यांचे खोके बांधून देतात. मूळ गाव कोकणात, म्हसळ्याजवळ. एकोणतीस वर्षं ते हेच काम करताहेत, पण विचाराल तर सांगतील की हे पोटापुरतं. खरं काम लग्नं जुळवण्याचं. आजवर एक्केचाळीस लग्नं जमवली, सगळी फोनवर, सगळी फुकट. त्यांतलं एकही मोडलं नाही असं ते म्हणतात. दोन मोडल्याचं मला त्यांच्या बायकोने, हफीजाचाचींनी सांगितलं, पण ते असो.

मी गिरीश. रियाधच्या ओलाया भागात एका सल्लागार कंपनीत आहे. काचेच्या इमारतीत बसून, जे लोकांना डोळ्यांनी दिसतं ते तक्त्यात मांडून दाखवायचं, असं माझं काम. ह्या कामाची मला लाज वाटत नाही, पण आईला अजून ते समजावून सांगता आलेलं नाही.

एप्रिलमध्ये आमच्याकडे एक काम आलं. जेद्दाबाहेर एका कंत्राटदाराच्या दोन इमारती समोरासमोर आहेत. एकीत युगांडाचे तीस पहारेकरी राहतात, दुसरीत नेपाळचे तीस सफाई कामगार. दोन्हीकडचे एसी मेलेले. यंदा पैसे मंजूर झाले ते एकाच इमारतीपुरते. तेव्हा दोन्ही समाजांच्या आर्थिक सुस्थितीची तुलना करा, आणि जो जास्त गरजू निघेल त्याच्या इमारतीत उन्हाळ्याआधी एसी बसेल. अट एकच. हे सगळं कशासाठी चाललंय ते कामगारांना सांगायचं नाही, नाहीतर ते खोटं बोलतील. आमच्या कंपनीचा माणसाच्या खोटेपणावर फार विश्वास आहे.

मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला आणि थेट इमारतींवर गेलो. मुकादम शेजारी छाती काढून उभा. मी विचारलं, जेवण कसं आहे? “तमाम.” म्हणजे अरबीत, उत्तम. पाणी? “तमाम.” पगार वेळेवर? इथे मुकादम खाकरला. “तमाम, तमाम.” दिवसभरात मी साठ तमाम गोळा केले आणि घामाने भिजून परतलो. मग कुणीतरी म्हणालं की ही सगळी मंडळी शुक्रवारी शराफियात खोके बांधायला जातात, तिथे नसरुद्दीनचाचांना गाठा.

चाचांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. घर कुणाचं, जमीन किती, जनावरं किती, भाऊ काय करतो, देणं आहे का, दोन वेळचं जेवण कसं. त्यांचे डोळे लकाकले.

“हे तर आमचंच काम हाय, गिरीशभाऊ,” ते म्हणाले. “तुमी बेफिकीर ऱ्हा.”

मी बेफिकीर राहिलो. तिथेच माती खाल्ली.

दोन शुक्रवारांत चाचांनी साठ फॉर्म भरले. प्रत्येकाला चहा पाजला, खोका बांधता बांधता बोलतं केलं. मी रियाधला बसून रकान्यांतल्या खुणा संगणकात भरल्या आणि उत्तर आलं. सुस्थितीचे गुण शंभरपैकी युगांडाला त्र्याऐंशी, नेपाळला एक्क्याऐंशी. मला वाटलं, संगणक बिघडला. तपासायला मी माझाच फॉर्म भरला. घर स्वतःचं? बँकेचं. कर्ज? आहे, दोन. शेती? नाही. जनावरं? नाही. शेजाऱ्यांशी संबंध? हा प्रश्न मी गाळला. माझे गुण आले चोपन्न.

“म्हणजे आपण गरीब आहोत?” शालिनीने विचारलं. ती माझी बायको, आणि तिला एवढा आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. “मग एसी आपल्यालाच मागून घे की!”

हसू लगेच विरलं, कारण आकडे माझ्या साहेबांनी कंत्राटदाराला कळवूनही टाकले होते आणि त्याचं उत्तर आलं. दोन्ही समाज इतके सुखात असतील तर एसी कुणालाच नको, त्या पैशांत मुख्य कचेरीत कारंजं बसवू. अंतिम अहवाल रविवारी द्या. म्हणजे माझ्या फॉर्ममुळे साठ माणसं उन्हाळाभर भाजणार होती आणि कचेरीत पाणी नाचणार होतं. मी शुक्रवारी पहाटेच्या विमानाने जेद्दा गाठलं.

“चाचा, हे काय भरलंत?” मी फॉर्मांचा गठ्ठा काउंटरवर आपटला. “हा सुलैती. युगांडाचा पहारेकरी. तुम्ही लिहिलंय, एकत्र कुटुंबात राहतो.”

“एका खोलीत बाराजण ऱ्हातात. एकत्रच की.”

“खाण्यापिण्यात साधा?”

“एक टायम जेवतो बिचारा.”

“घर हवेशीर!”

“छप्पर उडालंय.”

मी नेपाळचा गठ्ठा काढला. टेकनाथ, सफाई कामगार. शेरा असा की बाजारात मोठी पत आहे. म्हणजे याला इथे पाठवणाऱ्या दलालाचं देणं अजून फिटलेलं नव्हतं. ‘पत असल्याबिगर कोन उधार देतो?’ असा चाचांचा सवाल. भाऊ घरचं बघतो, म्हणजे बेकार. डोंगरभर जमीन आहे. “डोंगर हाय ना,” चाचा म्हणाले. “मी कुटं म्हनलं त्येच्यावर काय पिकतं?” आणि सुलैतीच्या चार गाई? त्या शेजाऱ्याच्या, पण चरायला याच्याच दारात येतात.

मला ओरडायचं होतं. ओरडलोही. “चाचा, मी काय यांची लग्नं लावायला निघालो होतो?”

“मग कशाला विचारता घरदार, भाऊ, जनावरं?” चाचाही तापले. “परक्या मानसाला कोन आपल्या पोराचं वंगाळ सांगतो? माज्या दुकानात बसून माज्या गिऱ्हाइकाची मी अब्रू काडू?”

मी अट मोडली आणि त्यांना खरं सांगितलं. एसी एकाच इमारतीला, जो गरीब ठरेल त्याच्या. आता तोही नाही, कारंजं.

चाचांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. ते काट्याच्या लाल आकड्याकडे बघत बसले. काट्यावर काहीच नव्हतं.

“आदी सांगायचं नाय?” ते हळूच म्हणाले. “मी त्यांचं चांगलं सांगायला गेलो आनि मीच त्यांना भाजलं.” त्यांचे डोळे भरले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना बघून मलाही कसंतरी झालं. शेवटी चहा मीच मागवला.

चहा पोटात गेल्यावर ते उठले. “अजून काय बिगडलं नाय. ही झाली बाहेरची चौकशी. आता आतली.”

आतली चौकशी म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं. स्थळ आलं की पहिली माहिती मुलाच्या घरचे देतात. ती ऐकायची, सरबत प्यायचं आणि विसरून जायचं. खरी माहिती शेजाऱ्याकडे. पण शेजाऱ्यालाही सरळ विचारायचं नाही. नुसतं म्हणायचं, तुम्हाला यांचा त्रास होतो का हो? मग ऐकत बसायचं.

दुपारी जुम्म्याची नमाज झाली आणि गिऱ्हाइकं जमली. चाचांनी आधी टेकनाथला बसवलं. बारीक, चष्मेवाला, स्वतःला फार शिस्तीचा समजणारा. “तेरेकू सामनेवालों की तकलीफ है क्या?” एवढंच विचारलं.

टेकनाथ दोन वर्षं जणू याच प्रश्नाची वाट बघत होता. “बहुत तकलीफ है, चाचा! दिनभर हमारी सीढ़ी पे सोते हैं। झाड़ू कैसे मारूँ?” जिन्यावर का? तर तिथे सावली असते आणि यांच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात. वर आमच्या दोरीवर ओल्या चादरी टाकतात. ओल्या का? तर भिजवून पांघरतात, तेव्हा कुठे डोळा लागतो. पंधरा तारखेनंतर मीठ मागायला येतात, आणि आणखी काही मागत नाहीत, कारण आणखी काही शिजतच नसतं. “और गाना! नल पे भी गाते हैं!” तो संतापून म्हणाला. “वो भी हमारे नल पे, इनका तो सूखा पड़ा है।”

मी भराभरा लिहून घेत होतो. माझ्या चाळीस प्रश्नांतले बत्तीस त्याने न विचारता सोडवले.

मग सुलैती आला. दाराएवढा उंच, आवाज मऊ. चाचांची अरबी बाजारापुरती; फॉर्म भरायला पुरली, कुरकूर ऐकायला पुरणार नव्हती, म्हणून इंग्रजीत मी विचारलं. त्याचीही तक्रार तयार होती. हे नेपाळी फार आवाज करतात. रात्री गच्चीवर झोपतात, तेही आमच्या गच्चीवर, कारण आमच्याकडे समुद्राचा वारा येतो. बरं, गच्चीवर झोपा, पण महिनाअखेरीला रोज डाळीचं पाणी पितात आणि पोटं रात्रभर एवढी गुडगुडतात की सुट्टीच्या रात्री आम्हाला झोप नाही. एकाच्या बुटाला तळवा नाही, जिना चढताना फटफट वाजतो. तो कोण, असं मी विचारलं. “तोच, शिस्तवाला,” सुलैती टेकनाथकडे बोट दाखवत म्हणाला.

टेकनाथने हळूच पाय स्टुलाखाली घेतला.

दिवसभर शेजारी शेजाऱ्याबद्दल कुरकुरत होते आणि मी आकडे मांडत होतो. संध्याकाळी बेरीज झाली. युगांडा एकतीस, नेपाळ एकतीस. मी तीनदा बेरीज केली. आता कारंजं तर टळलं होतं, पण एसी एकाच इमारतीला आणि गरिबी अगदी समान. साठ माणसांतली तीस कोणती वाचवायची, हे मला ठरवायचं होतं. ते मला जमणार नव्हतं. तसं मी चाचांना स्पष्ट सांगितलं.

चाचा दाढी खाजवत होते. एकाएकी म्हणाले, “हे जिन्यावर झोपतात ते दिवसा. ते गच्चीवर झोपतात ते रातीला. बरोबर?”

बरोबरच होतं. पहारेकरी रात्रपाळीचे, सफाईवाले दिवसपाळीचे.

“मंग खाट तर एकच लागते की, भाऊ! स्थळ जमलं!”

आणि चाचांनी तिथल्या तिथे बोलणी सुरू केली. गाडं अडलं ते एकाच मुद्द्यावर: नांदायला कुणी जायचं? दोन्ही बाजूंना मुलाकडचे व्हायचं होतं. टेकनाथ म्हणे, हम किसी के घर नहीं जाएँगे. सुलैती म्हणे, आम्ही पाहुणे म्हणून येऊ, सून म्हणून नाही. शेवटी पाण्याने निकाल दिला. नळ नेपाळकडे चालू होता, तेव्हा एसी तिकडे आणि युगांडाने तिकडे यायचं. बदल्यात सुट्टीच्या रात्री सगळ्यांनी युगांडाच्या गच्चीवर. सुलैतीकडून आहेर म्हणून एक स्पीकर. टेकनाथकडून अट की नळावर गाणं एकच, आणि तेही पूर्ण नको.

रविवारी मी अहवाल दिला. दोन्ही समाज सारखेच गरजू, पण पाण्याची सोय पाहता एसी नेपाळी इमारतीत बसवावेत. खाटांबद्दल मी अक्षर लिहिलं नाही. कारंज्याचं नाव पुन्हा निघालं नाही आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एसी बसले.

जुलैत मी ‘पाहणीसाठी’ म्हणून गेलो, चाचांना घेऊन. भर दुपार होती. नेपाळी इमारतीत तीस पहारेकरी गाढ झोपले होते. सुलैतीचे पाय खाटेबाहेर आले होते, आणि टेकणासाठी कुणीतरी पुढे एक स्टूल ठेवलं होतं. स्टुलावर घडी घातलेलं पांघरूण. प्रत्येक खाटेवर दोन उशा, एक उशाला, एक भिंतीशी. चाचा दारात उभे राहून बघत राहिले आणि त्यांनी हळूच बोट ओठांवर ठेवलं.

“बेचाळिसावं,” ते बाहेर येऊन म्हणाले. “हे मोडायचं नाय.”

मग त्यांनी खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. माझाच छापील फॉर्म, कोरा. “साठजणांचा भरला. तुमचा ऱ्हायलाय. बाहेरचं नका सांगू. आतलं कुनाला विचारू? शेजारी कोन तुमचा?”

रियाधमधल्या आमच्या राहत्या इमारतीत मी चार वर्षं राहतोय. आमच्या घरी तीन माणसं आणि तीन एसी. शालिनीचा चोवीसवर, माझा बावीसवर आणि आमच्या मुलाचा, शर्विलचा अठरावर, म्हणून तिन्ही दारं बंद. समोरच्या घराबाहेरची चपलांची मांडणी मला पाठ आहे; खालच्या कप्प्यात लहान मुलाचे निळे बूट असतात. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. माझं पोट गुडगुडतं की नाही हे सांगणारा या देशात मला एकही शेजारी नव्हता, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

“कुणी नाही, चाचा,” मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पेन झटकलं. मग मुकादमाच्या खुर्चीत बसून, जीभ दातांत धरून, गुडघ्यावर त्यांनी माझा फॉर्म भरायला घेतला. मी वाकून वाचलं. खाण्यापिण्यात साधा. बाजारात मोठी पत, दोन बँकांची. घर शांत. शेजारी या रकान्यात त्यांनी लिहिलं, नसरुद्दीन, खोकेवाले, शराफिया.

“अहो चाचा, रियाध ते जेद्दा साडेनऊशे किलोमीटर आहे,” मी म्हणालो.

ते मान न उचलता पुढचा रकाना भरत होते. शेजाऱ्याच्या घराचं अंतर. तिथे त्यांनी लिहिलं: हाकेवर.