मटणाच्या दुकानातलं मायलिन

माझं पीएचडीचं काम मायलिनवर होतं. मेंदूतल्या तंतूंभोवती चरबीचं एक पातळ आवरण गुंडाळलेलं असतं, ते मायलिन. काही प्रथिनं त्याचे पदर एकमेकांना धरून ठेवतात. ती वेगळी काढून ओळखायची होती. त्यासाठी शेळीचा ताजा मेंदू लागायचा. मी मूल गावात आईबाबांकडे राहायचे, प्रयोगशाळा चंद्रपूरच्या कॉलेजात. सकाळी बाजारातल्या मटणवाल्या भाऊंकडून भेजा घ्यायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि एसटी पकडायची.

काही केल्या जमेना. प्रथिनं वेगळी करायच्या जेलच्या पातळ थरावर त्यांच्या निळ्या रेघा ठळक यायला हव्यात, माझ्या नुसते पुसट फराटे यायचे. प्रथिनं आधीच तुटत होती. मी द्रावणं नव्यानं केली, भांडी पुन्हा पुन्हा धुतली, गाईडची बोलणी खाल्ली.

एका सकाळी भाऊंनी विचारलं, "बाई, रोज भेजाच काऊन नेता? घरी कोणाले बरं नाई का?"

"खायले नाई नेत, भाऊ. तपासून राह्यली. पण पोचेपर्यंत खराब होते."

त्यांनी माझा डबा उघडून पाहिला. "बर्फ त वरून लागते. आतली गरमी कुठी जाईल? अख्खा नेऊ नका. पातळ चिरून थंड्या पाण्यात टाका."

'लगेच थंड करा' हे पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं, आणि ते आपण करतोच आहोत अशी माझी समजूत होती.

साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मी साखरेचं बर्फगार द्रावण सोबत नेलं.

"भेज्याले साखर!" भाऊ हसत सुटले. पण शेळी कापल्याबरोबर त्यांनी आधी माझं काम केलं. सुरीनं अशा पातळ चकत्या काढल्या, जशा मला स्कॅल्पेलनं कधी जमल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात जेलवर रेघा आल्या. जे मुख्य प्रथिन पाण्यात विरघळत नाही, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणातच उतरतं, त्याची जाड रेघ. खाली बाकीच्यांच्या बारीक. मी स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिले. डबा खायची आठवणही झाली नाही.

रविवारी भाऊंना मोबाईलवर त्या रेघांचा फोटो दाखवला, मायलिन म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी हात पुसून फोन लांब धरला.

"हे बिघडलं त का होते?"

"चालताना तोल जाते, डोळ्यानं धूसर दिसते. काऊन होते ते समजाले आधी चांगलं कसं असते ते पाहा लागते."

"आपल्याच बकरीचं हाय ना हे?"

"हो, तुमच्याच दुकानातली."

मग काय, रांगेतल्या प्रत्येकाला तो फोटो पाहावा लागला. शेवटी एक म्हातारी वैतागली, "पाह्यलं बापा. आता माझं पाव किलो तोल."