हिरवा दिवा आणि नाना

नाना यंत्राशीही आदरानेच बोलत. नसरापूरजवळच्या एका मोठ्या गोठ्यावर ते राखणीला होते. मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा फाटकावरच्या आरएफआयडी रीडरला ते समजावत होते, "आता म्हशी येत्यात. तुमी दमानं घ्या."

म्हशींच्या कानातले बिल्ले तो रीडर लांबूनच वाचायचा. त्याच्याच पोटात मला आमच्या कंपनीचं मोजणीचं ॲप बसवायचं होतं, म्हणजे इंटरनेट गेलं तरी मोजणी थांबू नये. पहिल्या दिवशी बेचाळीस म्हशी आल्या आणि पडद्यावर आकडा उमटला नऊशे सोळा. एक म्हैस फाटकातच रवंथ करत उभी राहिली होती.

"ताई, दारात उभी राह्यली म्हून म्हस वाढत न्हाई," नाना म्हणाले. "एकदा आली, एकदा मोजायची."

मी ॲप बदललं, पुन्हा रीडरवर चढवलं. आता आकडा त्रेचाळीस. तीन दिवस त्रेचाळीसच. मालकांनी सांगितलं, उद्या जमलं नाही तर यंत्र काढून न्या. मी ॲपची ओळ न् ओळ तपासली. नानांनी प्रत्येक म्हशीचे दोन्ही कान तपासले. दुपारी म्हशी रानात असताना नाना माझ्यासाठी चहा घेऊन फाटकातून आले, आणि पडद्यावर एक म्हैस आत आली. चंद्री. गेल्या वर्षी मेलेली.

नानांनी बंडीच्या खिशातून पिवळा बिल्ला काढला. "लई गुणाची व्हती. टाकवंना मला."

"मालकांना काय सांगू?"

"काय सांगनार? नाना म्हस हाय म्हून?"

मी चंद्रीचा क्रमांक मोजणीतून वगळला. आकडा जुळला, यंत्र राहिलं. नाना मात्र दोन दिवस फुगून होते. "मी समोरून गेलो तरी ते वळख देत न्हाईत," ते रीडरकडे बघत म्हणाले. मग मी ॲपमध्ये आणखी एक ओळ घातली: हा बिल्ला दिसला की मोजायचं नाही, नुसता हिरवा दिवा लावायचा. नाना येता-जाता टोपीला हात लावून रामराम करू लागले.

पुढे गुडघे थकले आणि ते हिर्डोशीला लेकाकडे निघाले. जाताना फाटकात थांबले. दिवा लागला.

"येतो मी," नाना त्याला म्हणाले आणि उभेच राहिले. दिवा चालू असताना पाठ फिरवणं त्यांना बरं वाटेना. खिशातला बिल्ला समोर आहे तोवर तो विझणार नव्हता, पण हे सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी भोरची एसटी चुकेल म्हणून मीच त्यांचं बोचकं उचललं आणि चालू लागले.