फिरोज मिस्त्रीची टीम

फिरोज मिस्त्री माझ्या नेट कॅफेत पहिल्यांदा आला तो पंखा दुरुस्त करायला. दारव्ह्याच्या स्टँडमागे माझं दुकान, मोजके कॉम्प्युटर, तेही वीज असली तर चालणार. लोडशेडिंगने त्या वर्षांत माझं जे केलं, ते वैऱ्यानेही केलं नसतं. पंखा फिरायला लागला, मिस्त्री घाम पुसत बसला आणि समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिला. तिथे दुकानात रोज येणारा अश्वजित नावाचा पोरगा फुटबॉलचा गेम खेळत होता. या गेममध्ये बॉलला पाय लावायचा नसतो. आपण क्लबचे मॅनेजर. कोण खेळेल, कोण बाहेर बसेल, कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, एवढंच ठरवायचं. मॅच कॉम्प्युटरच खेळतो, आपण ठिपके पळताना बघायचे.

"हे मले जमते," मिस्त्री म्हणाला. "जिंदगीभर हेच तं करून राह्यलो."

खोटं नव्हतं ते. गावातल्या जिनिंगमध्ये तो फिटर. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे त्याच्या ताब्यात, आणि कोणत्या रेच्यावर कोण उभा राहील हेही तोच ठरवायचा. जवानीत ईदगाहच्या मैदानावर मोहल्ल्याची टीमसुद्धा त्यानेच चालवली होती. पण त्या वर्षांत कापसाचे भाव पडलेले, लोक सोयाबीनकडे वळलेले. जिनिंग दिवाळीपर्यंत बंद आणि मिस्त्री रिकामा. रिकामा माणूस थकत नाही असं ज्याला वाटतं, त्याने तेव्हाचा मिस्त्रीचा चेहरा बघायला हवा होता.

अश्वजितने त्याला गेम लावून दिला, इंग्रजी वाचून सांगायलाही तोच. विलायतेतला कुठला तरी खालच्या दर्जाचा क्लब मिळाला. त्याचं नाव मिस्त्रीला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. मोहल्ल्याच्या टीमचा एक कायदा होता: जो मैदानात आला, तो खेळला पाहिजे. मिस्त्रीने तोच कायदा इथे लावला. या मॅचला हे अकरा, पुढच्या मॅचला उरलेले. सगळ्यांची पाळी. टीम अशी काही हरायला लागली की शेजारी बसलेली पोरं आपलं काम सोडून हसायची. मग क्लबच्या मालकांचा निरोप आला. अश्वजितने वाचून दाखवला: तुमच्या कामावर आम्ही नाराज आहोत, असंच चाललं तर दुसरा माणूस बघू.

"हा बी शेठच निघाला," मिस्त्री म्हणाला, आणि जिनिंगची गोष्ट त्याने तेव्हा सांगितली. शेठने बोलावून घेतलं होतं. यंदा कापूस फारसा यायचा नाही, अर्धेच रेचे चालतील, माणसं कमी कर. कोणाला ठेवायचं ते सीझनच्या मुहूर्ताच्या आत तूच ठरव.

"मीच कायले? त्यायचं त्यायनं सांगावं ना." त्याला राग आला होता, पण राग धरून ठेवायलाही अंगात ताकद लागते. ती त्याच्यात उरली नव्हती.

अश्वजितला यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. त्याचे वडील डोमाजी त्याच जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकायचे, पण ते आणि मिस्त्री एकाच सीझनला कामाला लागलेले, एका डब्यात जेवणारे. बापाच्या कामाला धक्का लागेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"गेमचं पाहा चाचा," तो म्हणाला. "हा गोलकीपर अडतीस वर्षाचा हाय. उडीच मारत नाई बुढा. सोडा याले."

"अबे, पन याले आता घेईन कोन? जाईन कुठी हा?"

"जाते कुठी? कॉम्प्युटरच्या आत तं हाय. वय पाहाचं चाचा, मानूस नाई पाहाचा. दाबा."

मिस्त्रीने दाबलं. नक्की काढायचं का, असं विचारणारा एक चौकोन आला. पुन्हा दाबलं. झालं. त्याच्या जागी विशीतला पोरगा घेतला आणि टीम जिंकायला लागली. अश्वजित टाळ्या पिटत होता, मी सगळ्यांना चहा सांगितला. मिस्त्री कप हातात धरून मला म्हणाला, "प्रफुल्लभाऊ, लय सोपं हाय हे." मला त्याचा तो आवाज आवडला नाही.

दिवाळीनंतर जिनिंगचा मुहूर्त झाला. शेठ गावातल्या दुकानदारांना बोलावतो, म्हणून मीही गेलो. रेच्यांची पूजा होते, नारळ फुटतो, आणि मग मिस्त्री ताट घेऊन एकेकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवतो. ज्याच्या हातावर खोबरं, त्याचं त्या सीझनचं काम पक्कं. वेगळं काही बोलायचं नसतं. पूजा शेठची, वाटणारा मुसलमान, आणि डोमाजींसारखे बौद्ध, जे पूजेला हात जोडत नाहीत, तेही खोबऱ्यासाठी हात पुढे करायचे, कारण तो प्रसाद नव्हता, काम होतं. कुणालाच त्यात कधी वावगं वाटलं नाही.

डोमाजींनी हात पुढे केला. मिस्त्री त्यांच्यासमोर थांबला आणि खोबरं त्याने पुढच्या माणसाच्या हातावर ठेवलं. आणखीही काही हात रिकामे राहिले, पण माझं लक्ष त्या एकाच हातावर. डोमाजींना वाटलं, चुकून झालं. ताट रिकामं झालं तरी हात तसाच. मग त्यांनी तो पायजम्याला पुसला, काहीतरी लागलं असावं तसा. मला बघवेना, मी जेवायला न थांबता निघालो.

संध्याकाळी मिस्त्री नेहमीच्या खुर्चीत येऊन बसला. मागोमाग अश्वजित आला तो थेट त्याच्यापाशी.

"चाचा, माह्या बापाले काहून काढलं?"

मिस्त्रीने मान वर केली नाही. "वय पायलं," तो म्हणाला.

ओरडायलाच आला होता अश्वजित, पण हे शब्द त्याचेच होते.

तेवढ्यात डोमाजी स्वतः दारात आले. मला वाटलं, आता भांडण. पण ते खोकला आवरत बाकावर टेकले. कापसाच्या धुळीने बसलेला तो खोकला, आता जायचा नव्हता.

"फिरोज, भांडाले नाई आलो," ते म्हणाले. "तुले बी शेठनं सांगतलंच असन. पन जिनिंगचा भोंगा झाला का मले जाग येते. इतकी वर्सं झाली, येतेच. आता उठून जाऊ कुठी, तेवढं सांग."

मिस्त्रीने अश्वजितकडे पाहिलं. अश्वजितने मान फिरवली. मग मिस्त्री खुर्चीतून उठला आणि डोमाजींच्या शेजारी बाकावर जाऊन बसला.