शाबूत गास्केट

गाडीत काही बिघाड नव्हता. आदल्या दिवशीच तिने ताडकळसच्या बाजारातून ज्वारीची पोती आणली होती आणि सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली होती. येलदरीच्या धरणाच्या कामावरून लिलावात निघालेली ही जुनी पिकअप. वडिलांनी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवून घेतलं होतं. गावात दुसरी गाडी नव्हती.

साल अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन थोडे दिवस झाले होते. परभणीतली कॉलेजं बंद पडली म्हणून मी घरी आले होते. त्यानंतर एसटीही बंद झाली. कुठल्या गावात काय जळालं याच्या बातम्या पायी येणाऱ्या माणसांकडून कळत होत्या आणि प्रत्येक बातमीतलं गाव आधीच्या गावापेक्षा जवळचं होतं.

सकाळी वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा आला. तो पिठाची गिरणी चालवायचा. ओसरीवर न बसता अंगणात उभा राहूनच बोलला.

"काका, दुपारून गाडी लागंल."

"कशाला?"

"वढ्यापल्याड जायचंय. पोरं हायेत. मागं हुभी ऱ्हातेत."

"पोरं काय बाजाराला निघालीत?"

"तसंच म्हणा," तो हसला. "बाजार करूनच येऊ."

ओढ्यापलीकडच्या गावाच्या टोकाला दलित वस्ती होती. आमच्या गाडीवर पोती चढवणारा हमाल तिथे राहायचा. घरात बायको, लेकरं आणि म्हातारी आई. पोती ओढायचा त्याचा लोखंडी आकडा कायम आमच्या गाडीच्या सीटखाली असायचा.

वडील नाही म्हणाले नाहीत. "बघतो," म्हणाले. "गाडी पाणी प्यायलीय. हेड गेलंय असं वाटायलंय."

तो गेल्यावर आई म्हणाली, "सरळ न्हाई म्हणा की."

"न्हाई म्हणलं की चावी मागतेत. चावी न्हाई दिली की मग आपलं दार हायच."

त्यांनी पाने आणून गोणपाटावर मांडले आणि बॉनेट उघडलं. एखादी तार काढली असती किंवा डिझेलच्या पाइपात हवा शिरू दिली असती तर गिरणीवाल्याने ते उभ्या उभ्या शोधलं असतं. उघडलेलं इंजिन मात्र कुणालाही तासाभरात चालवता येत नाही.

रेडिएटरचं पाणी त्यांनी तळाचा नळ सोडून काढलं. बॅटरीची तार सोडली. डिझेलचे पाइप आणि नोझल काढून तोंडाला फडकी बांधली. वरचं झाकण काढल्यावर आतले दांडे एकेक करून माझ्या हातात दिले. ज्या जागेवरचा दांडा त्याच जागी परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून मी ते क्रमाने खोचत गेले. त्या दुपारी हे इंजिन पुन्हा बसणार नव्हतं, तरी वडिलांनी क्रम चुकू दिला नाही. सुटे भाग धुवायला रॉकेलचा डबा शेजारी ठेवला होता. पत्र्याचा चौकोनी डबा, तारेची कडी. हाताला तार कापते म्हणून हमालाने त्या कडीला सुतळी गुंडाळून दिली होती.

हेडचे, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या जड ठोकळ्याचे, नट एकदम काढत नाहीत. कडेपासून मध्याकडे येत, प्रत्येक नट थोडा थोडा ढिला करायचा. शेवटचा फेरा चालू असताना माणसं आली. सगळी गावातलीच, रोज भेटणारी. काहींच्या खांद्यावर कुऱ्हाडी होत्या, शेतावर जाताना असतात तशाच. अंगणातल्या लिंबाखाली बसून त्यांनी आईकडे पाणी मागितलं. आईने दिलं. कुणी तरी पावसाबद्दल बोललं.

गिरणीवाला इंजिनपाशी आला. तेल मोजायची पट्टी ओढून त्याने ती धोतराच्या टोकाला पुसली.

"तेल तर काळंच हाय, काका. पाणी उतरलं असतं तर दुधावानी झालं असतं."

"थोडंच उतरलंय."

"थोडंबी दिसतंय की."

वडिलांनी शेवटचा नट काढला. हेड जड होतं, त्यांना एकट्याला उचलेना. त्यानेच दुसऱ्या बाजूने हात घातला. दोघांनी मिळून ते उचललं आणि गोणपाटावर ठेवलं. खाली, पाणी तेलात उतरू न देणारं गास्केट दिसलं. तांब्याचा पत्रा कुठेही जळलेला नव्हता, की कुठे पाण्याची वाट पडलेली नव्हती. गिरणीवाल्याने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे तर शाबूत हाय." त्याने वर बघितलं. "काका, हे शाबूत हाय."

लिंबाखालची माणसं उठून जवळ आली.

"बसवू परत," तो म्हणाला. "मी हाय की हाताखाली. दोन घंट्यात गाडी हुभी करू. पोरं काय, थांबतेत."

वडिलांनी गास्केट सोडवून घेतलं. उजेडाकडे धरून पाहिलं. मग दोन्ही हातांनी मधोमध दुमडलं. आवाज फारसा झाला नाही. एकदा घडी पडलेलं गास्केट इंजिनवर बसत नाही आणि नवीन परभणीशिवाय मिळत नव्हतं. गिरणीवाल्याला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

"काकाला गाडीची लय माया हो," मागून कुणीसं म्हणालं. दोघे-तिघे हसले. गिरणीवाला हसला नाही. तो वडिलांकडे बघत राहिला आणि हात गोणपाटाला पुसत म्हणाला, "असू द्या. देवानं पाय दिलेत." निघताना तो वाकला आणि रॉकेलचा डबा उचलला.

"आता धुवायचं काय ऱ्हायलंय? हे आमच्याजवळ असू द्या."

"घाण हाय त्यात," वडील म्हणाले. "सगळं ग्रीस उतरलंय."

"जळायला घाण चालती, काका."

वडिलांच्या हातात मोठा पाना होता. तो हातातच राहिला. माणसं फाटकातून बाहेर पडली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. डबा पुढे चालणाऱ्याच्या हातात होता. वडिलांनी उघड्या सिलिंडरांवर धुतलेलं फडकं पसरलं, त्यावर पोतं टाकलं आणि पाने पुसून पेटीत ठेवले. आईने दाराला आतून कडी लावली.

दिवस मावळायच्या आधी ओढ्यापलीकडे धूर दिसला. वारा नव्हता. धूर सरळ वर गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

एसटी सुरू झाली तेव्हा वडील परभणीला जाऊन नवीन गास्केट घेऊन आले. ते हेड बसवत असताना हमाल आला. फाटकात थांबला.

"मालक."

वडिलांनी मान वर केली. "लेकरं?"

"हायेत. म्हातारी बी हाय. ज्वारीत शिरलो समदे." तो थोडा पुढे आला. "वढ्याला पाणी व्हतं. त्या लोकायला चालत यायला उशीर लागला. कुत्री भुकली तवा निघालो. गाडीनं आले असते तर घावलोच व्हतो."

"घर?"

"कुणाचंच न्हाई ऱ्हायलं."

मग त्याने पाठीमागचा हात पुढे केला. डबा एका बाजूने काळा पडला होता. कडीची सुतळी जळून गेली होती, फक्त गाठ राहिली होती.

"घरामागं पडला व्हता. आपलाच हाय न्हवं?"

"आपलाच."

"रॉकेल व्हतं का यात?"

"हेड धुवायला घेतलं व्हतं."

"गाडी बिघडली व्हती?"

वडिलांनी हातातला पाना नटावर टेकवला. गिरणीवाल्याला, गावाला आणि नंतर चौकशीला आलेल्या जमादारालाही त्यांनी एकच सांगितलं होतं, पाणी तेलात उतरलं होतं म्हणून.

"न्हाई," ते म्हणाले. "बिघडली न्हवती."

हमालाने उघड्या बॉनेटकडे बघितलं, मग डब्याकडे. डबा त्याने चाकाजवळ जमिनीवर ठेवला. गाडीचं दार उघडून सीटखालचा आकडा काढला, सदऱ्याच्या बाहीला पुसला आणि कमरेला खोचला.

"म्हंजी आधीच ठावं व्हतं तुमाला. येतो, मालक."

वडिलांनी त्याला थांब म्हटलं नाही. पाना मधल्या नटावर होता. बसवताना मध्यापासून कडेकडे जायचं असतं. ते तसेच, थोडे थोडे करत, शेवटच्या नटापर्यंत गेले.

पाइपातली हवा काढल्यावर गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पुढच्या बाजाराला पोती चढवायला कुणी आलं नाही. वडिलांनी आणि मी ती चढवली.