बंकरमधली पावलं

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. सरांनी मला लांब उडीत जिल्ह्यापर्यंत नेलं आणि बारावीनंतर घरी येऊन वडिलांना बजावलं, "पोराला गॅरेजात घालू नका." वडिलांनी ऐकलं. म्हणून मी इंजिनिअर झालो, म्हणून आज दुबईत आहे.

या हिवाळ्यात आमच्या बांधकाम कंपनीच्या डायरेक्टरांनी मला आणि माझ्या एका सहकाऱ्याला गोल्फला बोलावलं. डायरेक्टर पुण्याचे, सहकारी रत्नागिरीकडचा. अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या व्हिलांच्या कामावर प्रमुख नेमायचा होता आणि आम्हां दोघांपैकी एकाला ते काम मिळणार, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्याबरोबर कुटुंबासाठी फ्लॅट होता. माझी बायको आणि मुलगी अजून गावीच होत्या.

मैदान सार्वजनिक होतं, पैसे भरून कुणीही खेळावं असं. हिरवळीच्या पट्ट्यांभोवती वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर सुकलेलं गवत.

"भाई, हा तर आपला किनारा," सहकारी म्हणाला. "फक्त दर्या आणायला विसरले."

माझा पहिला फटका हवेतच गेला. बॉल जागचा हलला नाही.

"मित्रा, विटी-दांडू नाही हा! डोकं खाली ठेव," डायरेक्टर हसले. "आणि ते सर सर बंद कर आता. इथे फर्स्ट नेम."

खेळाचे नियम त्यांनीच समजावले. जागोजागी वाळूचे खोल खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. बॉल त्यात गेला की तिथूनच मारायचा, आणि बाहेर पडताना काठावरचं दाताळं घेऊन आपली पावलं आपणच पुसायची. मागून येणाऱ्याचा बॉल त्यात अडकू नये म्हणून. मला हे फार आवडलं. आमच्या शाळेत उडीच्या खड्ड्याला हाच नियम होता. ज्यानं उडी मारली त्यानंच वाळू सपाट करायची, मग तो तहसीलदारांचा मुलगा का असेना.

पहिल्या बंकरमधून मी कसाबसा सुटलो आणि वाळू नीट ओढली. "वा, काय हात आहे!" डायरेक्टर म्हणाले. "माझंही जरा करून टाक ना." मी केलं. पुढच्या बंकरला ते काही बोललेच नाहीत. दाताळं माझ्या दिशेनं टाकून चालू लागले. तेही मी केलं आणि करतानाच माझे कान तापले.

त्यानंतरच्या बंकरमध्ये त्यांचा बॉल काही केल्या निघेना. त्यांनी वाळू म्हशीनं तुडवल्यासारखी करून ठेवली. बाहेर आले, एका हातानं फोन बघत होते आणि दुसऱ्या हातानं दाताळं माझ्यापुढे धरलं होतं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पावलं तुमची आहेत," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पुसा."

"यल्ला, चला, द्या इकडे, मी करतो," सहकारी पुढे झाला.

"तू हात लावायचा नाही!" मी त्याच्यावर ओरडलो.

"अरे, किती सीरियस होतोस!" डायरेक्टर म्हणाले. "माणसं असतात इथे त्याला. पैसे भरलेत आपण."

"सकाळी नियम तुम्हीच सांगितलात."

आता त्यांनी फोन खिशात ठेवला. "फर्स्ट नेमनं बोल म्हटलं म्हणून डोक्यावर बसायचं नसतं."

मी दाताळं घेतलं, त्यांच्या बुटांपाशी ठेवलं आणि मागे सरलो. डायरेक्टर तसेच गोल्फच्या छोट्या गाडीत जाऊन बसले. खड्डा उकरलेलाच राहिला. मागून खेळत येणाऱ्या चौघांपैकी एका बाईचा बॉल नेमका त्या पावलांत येऊन रुतला. तिनं कुणाला काय केलं होतं? तरी मी परत गेलो नाही. त्या दिवशी माझा हात त्या दांड्याला लागणं शक्य नव्हतं.

परतताना आम्ही बर दुबईच्या वस्तीत शिरलो. सहकारी म्हणाला, "खलिफा सिटी खलास, भाई."

"तुला मिळेल."

"मिळेल रे. आणि ते दाताळंपण मिळेल."

त्याला ते काम मिळालं. त्याच आठवड्यात मी सरांना पत्र लिहिलं:

आदरणीय सरांस, सप्रेम नमस्कार.

मी आता इथे एकटाच राहणार आहे. बायकोनं मुलीचं नाव गावच्या शाळेत घातलं. ती मला एका शब्दानंही बोलली नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

काय घडलं ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. पण पत्राचं कारण दुसरं आहे. जिल्हा स्पर्धेत आपल्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचा नातू उडी मारून तसाच निघून गेला आणि तुम्ही फावडं घेऊन त्याची वाळू सपाट केलीत. आमच्यापैकी कुणाला तुम्ही असं जाऊ दिलं नसतं. मला इतका राग आला की माझी पुढची उडी फाउल गेली. तुम्ही मला रागावलात. मी कारण सांगितलं नाही.

तुमची नोकरी होती, घर होतं, हे मला कळतं. माझंही आहे. तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तुम्ही त्याला परत बोलवायला हवं होतंत.

मे महिन्यात तुमच्याकडे येईन. मला रागवा, हवं तर घराबाहेर काढा, पण विषय बदलू नका.

आपला विद्यार्थी