कपावरच्या बायका

माझी मावशी रागावली की गप्प होते. माझं उलटं, आधी तोंड सुटतं आणि डोकं मागून येतं. म्हणून ही हकीकत मी सांगतेय. तिच्यावर सोडलं तर दोन वाक्यांत उरकून भांडी घासायला उठेल.

आम्ही दोघी आठवणींच्या कपांच्या कारखान्यात आहोत. जुन्या धाटणीचे, जाड कानाचे कप. एका बाजूला देशातलं काहीतरी प्रसिद्ध, म्हणजे मनोरा, पूल, दीपगृह असलं, आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला एखादा खेळाचा संघ. बंद पडलेल्या गोष्टींचा हल्ली लोकांना भारी पुळका आलाय. चालू होत्या तेव्हा कुठे उलथले होते कोण जाणे! मी कप पुसून देते, मावशी चित्र लावते. कागदावरचं चित्र पाण्यात भिजवायचं, कपावर सरकवायचं, रबराच्या पट्टीने आतली हवा काढायची आणि कप भट्टीत. भट्टीतून निघालं की ते चित्र जन्माचं झालं. खरवडलं तरी जात नाही.

तरुणपणी मावशी सूतगिरणीत होती आणि गिरणीच्या हॉकी संघाची गोलकीपर होती. तिला ‘भिंत’ म्हणायचे. लग्न ठरवताना सासरच्यांनी विचारलं, मुलीला भिंत का म्हणतात? आजोबा म्हणाले, “घरी न्या आणि डोकं आपटून बघा.”

गिरणीचे संघ दोन, एक पुरुषांचा, एक बायकांचा. जर्सी मात्र एकाच संघापुरत्या. पुरुषांच्या त्या ढगळ जर्सी बायकांनी गाठी मारून घालायच्या आणि सामना संपला की लगेच काढून द्यायच्या. पुरुष दरवर्षी पहिल्याच फेरीत गारद. करंडक आणला तो बायकांनी! पण फोटोवाला उशिरा उगवला. तोवर पुरुषांचा कुठलासा मैत्रीचा सामना आहे म्हणून भांडारवाला जर्सी आणि हॉकी स्टिक घेऊन गेला होता आणि करंडक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसला होता. त्यामुळे त्या एकुलत्या एक फोटोत अकराजणी घरच्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी उभ्या आहेत. मला तो फोटो बघितला की अजून चीड येते.

पुढे गिरणी बंद पडली, दोन्ही संघ संपले. यंदा आमच्याकडे पुरुषांचा कप निघाला. खाली झोकात लिहिलेलं: ‘गिरणीचा हॉकी संघ’. ते चित्रही मावशीनेच लावलं, एक शब्द न बोलता. मग जिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, ती आपला फोटो घेऊन आमच्या कारखान्याच्या साहेबांच्या टेबलापाशी गेली. “हा आमचा संघ. आम्ही जिंकलो होतो. आमचाही कप काढा.”

“वा, मावशी! अस्सल जुना माल!” साहेब खूश.

चित्रांचा गठ्ठा आला. मावशीने पहिला कागद पाण्यात सोडला आणि तिचा हात तिथेच थांबला. मी वाकून वाचलं. फोटोखाली लिहिलं होतं: ‘संघाच्या पाठीराख्या: खेळाडूंच्या बायका’.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, कुणाच्या बायका? त्यातल्या निम्म्यांची तर लग्नंही झाली नव्हती! मी साहेबांना ओढतच आणलं.

“कपड्यांवरून वाटलं हो तसं,” ते म्हणाले.

“तुम्हाला सांगितलं होतं,” मावशी म्हणाली.

“असेल सांगितलं. पण एवढी बारीक ओळ, वाचतंय कोण? लावून टाका.”

मावशीने स्टूल उचललं, भट्टीच्या दारासमोर ठेवलं आणि वर बसली. “हे आत जाणार नाही.”

“मावशी, काम जाईल तुमचं!”

“जाऊ दे. एकदा भाजलं की आम्ही कायमच्या कुणाच्या तरी बायका.”

साहेबांनी धमकावलं, समजावलं, हात जोडले. भिंतीला काय फरक पडतो? शेवटी पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा घेऊन आले, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. “घ्या. ‘गिरणीचा महिला हॉकी संघ’. आता तरी खूश?”

मावशीने वाचलं. “पुरुषांच्या कपावर ‘पुरुष’ लिहिलंय का?”

“नाही. ते कळतंच की.”

“मग आमच्यावरचं ‘महिला’ काढा.”

“अहो, लोक गोंधळतील! विचारतील, बायका कशा काय संघात?”

“विचारू देत!” मावशी ओरडली. तिचा चढलेला आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. “अकराजणींतल्या पाच गेल्या, पण एकीलाही कुणी कधी काही विचारलं नाही. आता तरी विचारू देत!”

तिने कात्री घेतली. कागदावरच्या ओळीतला तो एक शब्द बरोबर कापून काढला, फोटो भिजवून कपावर लावला, त्याखाली ओळीचे उरलेले दोन तुकडे एकमेकांना भिडवले आणि पट्टीने दाबून हवा काढली. तिने कप भट्टीच्या ताटात ठेवला आणि माझ्यापुढे हात केला.

“पुढचा दे.”