दुरांट्यापायी गेला मांडव

आमच्या ह्यांनी बेचाळीस वर्षांच्या संसारात फक्त एकदाच एका गोष्टीला सुंदर म्हटलं होतं, आणि ती गोष्ट समोरच्या घरची होती.

आधी ह्यांची कौतुकाची भाषा सांगते, म्हणजे माझं दुःख कळेल. भाजी बिघडली की ‘ठीक आहे’. भाजी जमली की तेही ‘ठीक आहे’. पोरीच्या लग्नात मी गांधीबागेतली दुकानं दोन दिवस पालथी घालून आणलेली मोरपंखी साडी नेसून समोर उभी राहिले, तर म्हणाले, “गाडी आली काय, पाहून ये.” (गाडी आली नव्हती.) असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी, पावसाळा नुकताच लागला होता तेव्हा, सकाळी फाटकात उभा राहिला, समोर पाहिलं आणि म्हणाला, “काय सुंदर दिसून राहिलं वं!”

मी पदर सावरत वळले. म्हटलं, उशिरा का होईना! तर ह्यांची नजर रस्त्यापलीकडे, रजनीताईंच्या दुरांट्यावर.

दुरांटा म्हणजे कमरेएवढं झुडूप. फुलाबिलांचं काही कौतुक नाही, सगळी मिजास पानांची. पिवळीधमक पानं, ऊन पडलं की वाटावं कुंपणाला कोणी सोन्याचा पत्रा ठोकला. रजनीताईंनी तो फाटकाच्या दोन्ही बाजूंनी रांगेत लावलेला, वरून ताटासारखा सपाट कापलेला. आता रजनीताई स्वभावाने इतक्या चांगल्या, की त्यांच्यावर जळायचं म्हटलं तरी कारण सापडत नसे. त्या दिवशी ते मला घरबसल्या मिळालं.

मी झाडांमधली काही जाणकार नाही. ह्यांची नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात होती, जिथे रात्रंदिवस कोळसा जळतो; तीस वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये काढली. तिथे गुलाब लावा की तुळस, आठ दिवसांत सगळ्यांच्या पानांवर राखेचा एकच रंग. झाडांना वेगवेगळे रंग असतात हे मला ह्यांच्या रिटायरमेंटनंतर, नागपुरात घर बांधल्यावर कळलं. या घरात ह्यांनी स्वतःच्या हाताने एकच गोष्ट उभी केली. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत लोखंडी पाइपांचा मांडव, आणि त्यावर मधुमालती. मे महिन्यात अख्खं नागपूर तव्यावर बसलेलं असायचं आणि हे मात्र मांडवाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत. तो मांडव लोकांनी पाहिला, पाखरांनी पाहिला. फक्त ह्यांनी त्याला कधी ‘सुंदर’ म्हटलं नाही, म्हणून मीही त्याला किंमत दिली नाही.

तर दुरांटा हवा होता. रजनीताईंना मागितला असता तर त्यांनी खड्डा खणून, लावून, वर चहा पाजला असता. पण मागायचं म्हणजे तुमचं झाड आमच्यापेक्षा चांगलं आहे, हे तोंडाने कबूल करायचं! शिवाय चोरून आणलेलं झाड जोमात लागतं, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. मी पापभीरू बाई. सकाळी देवाची फुलं तोडायला निघाले, रामनाम घेत घेत रजनीताईंच्या कुंपणाशी वाकले आणि आठ फांद्या मोडून फुलांच्या परडीत, जास्वंदीखाली दडवल्या. घरी येऊन मांडवाच्या सावलीत ओळीने खोचल्या.

फांद्या लागल्या. लागल्या म्हणजे काय, उधाण आलं त्यांना! मी शेणखत घातलं, तांदळाचं धुवण घातलं. दिवाळीपर्यंत गुडघ्याला आला दुरांटा. फक्त हिरवा. असा हिरवा की मेथीच्या जुडीने लाजावं. हे रोज त्याच्यावरून पाय टाकून पेपर आणायला जात आणि नजर समोर रस्त्यापलीकडे.

माझी खात्री झाली की रजनीताई झाडाला काहीतरी घालतात आणि सांगत नाहीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाळत ठेवली. त्यात दोनदा वरण करपलं. तिसऱ्या दिवशी पुरावा हाती आला. रजनीताईंनी गंजभर पिवळं पाणी दुरांट्याच्या बुडाशी ओतलं. हळद! (ते वरणाचं भांडं विसळलेलं पाणी होतं, हे पुष्कळ नंतर कळलं.) त्याच दिवशी मी पाव किलो हळद बादलीत कालवली आणि मुळांना, पानांना, जिथे जागा दिसेल तिथे शिंपडली. पानं हिरवीच राहिली. फरशी पिवळी झाली. तीवरून हे घसरले आणि बसले ते थेट डबक्यात, पांढऱ्याशुभ्र पायजम्यानिशी. मी उचलायला धावले तर बसल्या बसल्याच म्हणाले, “मले काहून हळद लावून राहिली वं? एकदा लागली तेवढी पुरे झाली.”

मार्चपासून ऊन तापलं. माझ्या लेकरांना चटका बसू नये म्हणून मी मांडवाच्या फटीफटीतून हिरवी जाळी बांधून घेतली. एक कवडसा आत येऊ दिला नाही. दुरांटा आता हिरव्याचा काळपट व्हायला लागला.

एप्रिलमध्ये हे काटोलला भाच्याच्या लग्नाला गेले. मी गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिले. (दुरांट्याला पाणी कोण घालणार होतं?) दुसऱ्याच दिवशी रजनीताई वाटीभर कैरीचा मेथांबा घेऊन आल्या. मांडवाखाली उभ्या राहिल्या, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, “वहिनी, हा आमचाच दुरांटा ना?”

माझ्या हातात वाटी होती म्हणून बरं, नाहीतर हात कुठे ठेवावेत हेही सुचलं नसतं.

“मी पाहिलं होतं तुम्हाले फांद्या मोडताना,” त्या अगदी सहज म्हणाल्या. “मग मुद्दाम पडदा ओढून घेतला. म्हटलं, आपण पाहिलं हे वहिनीले कळलं तर मग ती चोरी राहात नाही, अन् झाड लागत नाही.”

सांगा आता, अशा बाईवर माणसाने जळावं तरी कसं? पण मी नेट सोडला नाही. मी म्हटलं, “मग तुमचा पिवळा अन् आमचा हिरवा काहून?”

“त्याले ऊन लागते ना वहिनी. जितकं ऊन पडन तितका पिवळा. तुम्ही तर त्याले कोंडून ठेवलं.” मग ह्यांच्या खुर्चीत टेकून, वर मधुमालतीकडे पाहून म्हणाल्या, “अन् मले पाहा, तुमच्या या मांडवाचा हेवा वाटते. आमच्या फाटकात दुपारी उभं राहवत नाही.”

यातलं पहिलं मी ऐकलं. दुसरं नुसतं कानावर पडलं.

संध्याकाळी माणूस बोलावला. मांडव काढ म्हटलं, वेल मुळासकट काढ. तो मांडवाकडे पाहून म्हणाला, “बाई, साहेबांले विचारलं काय?” मी म्हटलं, “साहेबांचीच इच्छा आहे.” (‘सुंदर’ म्हणण्याचा दुसरा काय अर्थ होतो?) रजनीताई धावत आल्या, एवढा सुरेख वेल काहून तोडून राहिल्या म्हणून दोनदा विचारलं, आणि मी ऐकत नाही म्हटल्यावर भीत भीत पाइप, जाळी आणि वेलाच्या बुडाची मुळ्या असलेली चार रोपं मागितली. मी म्हटलं, “न्या न्या, अडगळच आहे.” त्या क्षणी मला स्वतःचं मन फार मोठं वाटलं होतं, खोटं का सांगू.

हे चौथ्या दिवशी भरदुपारी परतले. ऑटो आमच्या घरावरून सरळ पुढे गेला. कोपऱ्यावरून वळून आला आणि पुन्हा घरावरून गेला. तिसऱ्या खेपेला मीच रस्त्यावर जाऊन हात दाखवला. हे उतरले. हातात संत्र्यांची पिशवी. मांडव होता तिथे वर पाहिलं. वर नुसतं आभाळ, तेही पांढरं पडलेलं. म्हणाले, “ठीक आहे.”

बेचाळीस वर्षांत मी हजारो ‘ठीक आहे’ ऐकले असतील, पण त्या दिवशीचं ‘ठीक आहे’ त्यांतलं नव्हतं. ओरडले असते तर परवडलं असतं. पेपर आत बसून वाचायला लागले, कूलरपुढे, माझ्याकडे पाठ करून. तीन दिवसांनी बाहेर आले, खुर्ची उचलली आणि रस्ता ओलांडून समोर गेले.

समोर रजनीताईंचे यजमान वासुदेवभाऊ यांनी तेच पाइप फाटकात उभे केले होते, त्यावर आमचीच जाळी ताणली होती. त्या सावलीत हे दोघं रोज पेपर वाटून घेऊन बसायला लागले. रजनीताईंचा दुरांटा सावलीच्या बाजूने हळूहळू हिरवा पडत चालला होता आणि त्यांना त्याची खंत नव्हती. सोनं जात होतं आणि बाई चकल्या तळून आणत होती!

आणि माझा दुरांटा? जूनपर्यंत पिवळाधमक. प्रत्येक नवं पान सोन्याचं. मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, पाइपाने त्याला पाणी घालत उभी होते, सँडल फरशीला चिकटून राहिली होती, आणि पलीकडून ह्यांचा आवाज आला, “अवं, ऐकलं काय! इथून तुझा दुरांटा मोठा सुंदर दिसून राहिला.”

दुसऱ्यांदा! आणि या वेळी माझ्या वस्तूला! वासुदेवभाऊ साक्षीला होते.

मी धावत जाऊन आमच्या फाटकात उभी राहिले आणि वळून माझ्याच घराकडे पाहिलं. उन्हाने डोळे असे दिपले की पिवळं काय आणि हिरवं काय, काहीच दिसेना. माझा दुरांटा सुंदर दिसतो, पण रजनीताईंच्या सावलीत बसूनच. तेव्हापासून मीही माझी खुर्ची तिकडेच नेली आहे. थर्मासमध्ये चहा आमच्या घरचा, तेवढा स्वाभिमान ठेवला आहे.

या पावसाळ्यात त्यांच्या मांडवावर मधुमालती चढली आहे. आमचीच ती, ओळखू येते. रोज निघताना मी रजनीताईंची पाठ वळायची वाट पाहते आणि तिची एक फांदी मोडून पदराखाली दडवते. त्या बिचाऱ्या तेवढ्यासाठी रोज ठरल्या वेळी पाठ वळवतात.

मागितली तर लगेच देतील हो. पण मागून आणलेली लागली नाही तर?